परक्यांना हाकलायचंय? आधी हे वाचा

परक्यांविरुद्ध चळवळ काढायचं ठरवलंत, उत्तम केलंत. इतर चळवळींपेक्षा ही सोपी. ज्यांना हाकलायचं त्यांना बहुधा मतच नसतं.

नेता भूमिपुत्रच हवा, असा हट्ट मात्र धरू नका. 1877 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘चिन्यांना हाकला’ म्हणून सभा गाजवणारा डेनिस कर्नी मूळचा आयर्लंडचा. अमेरिकेचं नागरिकत्व मिळून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. (त्याच्या वीसेक वर्षं आधी याच आयरिशांविरुद्ध तिथे एक पक्ष निघाला होता. त्याच्या सभासदांना पक्षाबद्दल काहीही विचारलं की ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणायचे. निदान खरं तरी बोलायचे!)

कर्नीची एक चूक तुम्ही टाळा. चिनी मजुरांना गोऱ्यांपेक्षा कमी पैशांत राबवून ज्यांनी डोंगरातून रेल्वे नेली, त्या मालकांवरही तो तुटून पडायचा. उगाच घसा कोरडा केला. मालकांचे वाडे टेकडीवर जिथल्या तिथे राहिले आणि 1882 मध्ये कायदा झाला तो चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा. दहा वर्षांसाठी म्हणून आलेली ती बंदी 1943 पर्यंत टिकली. तेव्हा मजुरी कमी का, असं कुणी विचारलंच तर शेजारच्या मजुराकडे बोट दाखवा. मालकाचं नाव निघता कामा नये.

कायदा करायची वेळ आली की रंगाचं नाव काढू नका, वाईट दिसतं. 1901 साली ऑस्ट्रेलियाने देशात येणाऱ्यांसाठी साधी शुद्धलेखनाची परीक्षा ठेवली. पन्नास शब्दांचा उतारा, भाषा युरोपातली कुठलीही, आणि ती निवडणार अधिकारी. नको असलेला माणूस नापास होईपर्यंत भाषा बदलायची सोय! 1934 मध्ये नाझीविरोधी पत्रकार एगोन किश आला. गडी बहुभाषिक निघाला, तर त्याला स्कॉटिश गेलिक घातली. पुढे कोर्टाने ही भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय नाहीच, असा निकाल दिला. स्कॉटिश मंडळी चिडली ती वेगळीच.

एक धोका आहे. तुमचं पाहून ते परकेही चळवळ काढतात. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहराच्या बस कंपनीत माणसं कमी होती, तरी काळ्या आणि आशियाई लोकांना बसवर काम द्यायचं नाही, असा नेम होता. तिथली युनियनही कंपनीच्या बाजूने, कारण नवे लोक आले की ओव्हरटाइम बुडणार. 1963 मध्ये लोकांनी बसवरच बहिष्कार घातला. ऑगस्टअखेर कंपनी नमली आणि दोन वर्षांत देशात वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा आला.

पण म्हणून खचू नका. त्या युनियनच्या वारसदार संघटनेने माफी मागितली ती 2013 साली. तोवर ओव्हरटाइम घेणारे पेन्शनीत निघाले होते.