इंटरनॅशनल बिझनेसची पदवी आणि कॉलेजच्या फाटकाबाहेरचं शहर

इंटरनॅशनल बिझनेसच्या कुठल्याही पदवीची माहितीपुस्तिका उघडा. किती देशांतले विद्यार्थी, किती परदेशी विद्यापीठांशी करार, किती आठवड्यांचा परदेश दौरा, हे पहिल्याच पानावर असतं. ज्या शहरात कॉलेज उभं आहे त्या शहराचं नाव मात्र पत्त्यापुरतं येतं. मला हे मनापासून खटकतं. या पदवीचा कस परदेश दौऱ्यात लागत नाही, फाटकाबाहेरच्या कारखान्यांशी, व्यापाऱ्यांशी आणि माणसांशी तिचं काय नातं आहे त्यात लागतो, असं माझं ठाम मत आहे.

खरं तर या विषयाचा स्वतःचा सिद्धान्तही हेच सांगतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ साली मांडलं की कंपन्या परदेशात एकदम उडी घेत नाहीत. आधी ओळखीच्या, जवळच्या बाजारात शिरतात, अनुभवातून शिकतात, मग पुढचं पाऊल टाकतात. २००९ मध्ये या दोघांनी स्वतःच आपल्या मांडणीत मोठी दुरुस्ती केली. परकेपणापेक्षाही संबंधांच्या जाळ्याबाहेर असणं ही मोठी अडचण आहे, असं ते म्हणाले. हे आपण विद्यार्थ्यांकडून परीक्षेत लिहून घेतो. आणि जो विभाग हे शिकवतो, तो स्वतःच शहरातल्या निर्यातदारांच्या, माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरांच्या, सीमाशुल्काचे कागद सांभाळणाऱ्या कस्टम्स ब्रोकरांच्या जाळ्याबाहेर असतो.

नातं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, शहरात नट-बोल्ट बनवणारा छोटा कारखाना आहे. त्याचा माल युरोपात जातो. युरोपीय संघाने आयात मालावर, तो बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनानुसार शुल्क लावण्याची यंत्रणा आणली. ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना माहिती देणं सक्तीचं झालं आणि २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक बोजा सुरू झाला. त्यात लोखंड-पोलादाबरोबर स्क्रू आणि बोल्टही येतात. आता युरोपातला ग्राहक या कारखानदाराला एक लांबलचक तक्ता पाठवतो: तुमच्या मालामागे उत्सर्जन किती? कारखान्यात यासाठी वेगळा विभाग नाही. मालक, एक हिशेबनीस आणि शॉप फ्लोअर, एवढंच.

इथे तिसऱ्या वर्षाची चार मुलं एक अख्खं सत्र बसली तर काय काय होईल, विचार करा. त्यांना विजेची बिलं वाचावी लागतील, पोलाद पुरवणाऱ्याकडून आकडे मिळवताना त्याची टाळाटाळ सोसावी लागेल. एचएस कोड, म्हणजे व्यापारातल्या प्रत्येक मालाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक, शोधताना कळेल की पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात आणि पुढचे आकडे देशागणिक बदलतात. इन्व्हॉइस पाहताना लक्षात येईल की माल कंटेनरने जातो, तरी वर्षानुवर्षं ‘एफओबी’ लिहिलं जातंय, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. कंटेनर टर्मिनलवर सोपवला जात असेल तर ‘एफसीए’ वापरा, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम घेणाऱ्याकडे जाते, असं इन्कोटर्म्स, म्हणजे व्यापारातल्या या प्रमाणित अटी, ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्थाच सांगते. हा फरक कागदावर बारीक दिसतो. पण बंदराच्या यार्डात कंटेनरला काही झालं तर नुकसान कुणाच्या माथी, ते त्यावर ठरतं. लेटर ऑफ क्रेडिटचं, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीचं, तसंच. बँक माल बघत नाही, कागद बघते, हे वाक्य वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलेलं असतं. कागदपत्रांत विसंगती निघाली म्हणून अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करणाऱ्या मालकाशेजारी बसल्यावर ते कायमचं समजतं.

त्या मालकालाही काहीतरी मिळायला हवं, आणि माझ्या मते हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. आज बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. कॉलेज वर्षातून एकदा उद्योगभेट काढतं, बसमधून मुलं येतात, मालक अर्धा दिवस काम थांबवून सगळं दाखवतो, ग्रुप फोटो होतो, आणि संबंध तिथेच संपतो. प्रोजेक्ट असलाच तर सत्र संपलं की मुलं जातात. अहवालाची प्रत कारखान्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. पुढच्या वर्षी नवी मुलं येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतात. दोन-तीनदा असं झालं की माणूस फोन उचलणं बंद करतो. मग विभाग म्हणतो, स्थानिक उद्योगांना शिक्षणात रस नाही. असं ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण रस होता, तो आपण संपवला.

अमेरिकेत १९८८ च्या व्यापारविषयक कायद्याने विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिक्षणाची केंद्रं उभी करायला सरकारी निधी देऊ केला. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. केंद्राने परिसरातल्या व्यवसायांच्या उपयोगी पडायचं, त्यांच्या गरजेचं प्रशिक्षण आणि संशोधन द्यायचं, आणि सल्लागार मंडळावर स्थानिक किंवा प्रादेशिक उद्योगांचा प्रतिनिधी घ्यायचा. म्हणजे शेजाऱ्यांशी संबंध ठेवणं कुणा उत्साही प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडलं नाही, पैशाच्या अटीत घातलं. बिझनेस स्कूलांना मान्यता देणाऱ्या एएसीएसबी या संस्थेनेही २०२० च्या निकषांत समाजावर होणाऱ्या परिणामाला जागा दिली. निकष येतात ते चांगलंच आहे. मात्र निकषांसाठी केलेलं काम फाइलमध्ये जाऊन बसतं. अभ्यास मंडळाच्या बैठकीत निर्यातदाराला खुर्ची दिली, तर तो दरवर्षी समोर बसून विचारू शकतो की गेल्या वेळी सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं.

आता जरा अवघड भाग. शहर म्हणजे फक्त निर्यातदार नाहीत. परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं तेही याच शहरात राहतात. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की चीनमधून वाढलेल्या आयातीचा फटका अमेरिकेभर सारखा बसला नाही. जिथे त्याच प्रकारचे उद्योग एकवटले होते तिथे तो जबर बसला: बेकारी वाढली, मजुरी घटली. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेत कारखान्यांमधल्या नोकऱ्या जितक्या घटल्या, त्यातला सुमारे एक चतुर्थांश भाग त्यांच्या हिशेबाने या आयातीमुळे होता. व्यापाराचा फायदा सगळीकडे थोडा थोडा पसरतो आणि तोटा एखाद्याच वस्तीच्या वाट्याला येतो, हे विद्यार्थ्याने आलेखावर पाहणं पुरेसं नाही. बंद पडलेल्या युनिटमधल्या कामगाराला वर्गात बोलवा, मानाने बोलवा, त्याच्या वेळेचं मानधन द्या. उद्या हीच मुलं एखाद्या कंपनीत बसून कुठला पुरवठादार ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणार आहेत.

मानधनाचा विषय निघालाच आहे तर शहरात राहणाऱ्या स्थलांतरितांबद्दलही बोलायला हवं. एखाद्या देशाच्या बाजारात भाव कसा ठरतो, नकार कसा दिला जातो, उधारी कुणाला मिळते, हे तिथून आलेला माणूस सांगू शकतो. आपण मात्र त्यांना सांस्कृतिक दिनाला पोशाख घालून बोलावतो, आणि त्या देशाच्या बाजारपेठेचा अहवाल मुलं इंटरनेटवरून लिहितात.

‘आम्ही फी भरली ती जग बघायला, शेजारच्या औद्योगिक वसाहतीत फिरायला नाही,’ असं विद्यार्थी म्हणतात. त्यांची बाजू मला समजते. परदेश दौरा बंद करा असं मी म्हणतच नाही. पण जी मुलं कारखानदाराचा खरा प्रश्न घेऊन परदेशातल्या ग्राहकाला भेटतील, त्यांच्या दौऱ्याला काही अर्थ असेल. दुसरी शंका जास्त गंभीर आहे: मुलांना फुकटात राबवलं जाईल. म्हणून या कामाला पदवीत धरले जाणारे क्रेडिट हवेत, लेखी करार हवा, गुप्ततेची अट हवी. कस्टम्सच्या कागदावर विद्यार्थ्याच्या भरवशावर सही होता कामा नये, कारण कोड चुकला तर दंड कारखानदाराला होतो. प्राध्यापकाने किंवा ब्रोकरने तपासल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ नये. आणि त्या प्राध्यापकाचे हे तास त्याच्या कामाच्या भारात धरले जावेत. बढती फक्त शोधनिबंधांवर मिळत असेल, तर कोण कशाला कारखान्यात जाऊन बसेल?

प्रवेश घेणाऱ्या मुलांना आणि पालकांना माझी विनंती आहे. समुपदेशनाच्या टेबलावर परदेशी करारांची यादी पुढे केली जाईल, ती जरूर बघा. नंतर विचारा: याच शहरातला असा कोणता व्यवसाय आहे, ज्याच्याबरोबर तुमचा विभाग सलग तीन वर्षं काम करतोय? मुलांनी तिथे नेमकं काय केलं? आम्ही त्या मालकाशी बोलू शकतो का? उत्तर मिळालं तर प्रवेश घेण्यापूर्वी तिथे जाऊन या, आणि मालकाला विचारा की ही मुलं पुढच्या वर्षी परत यावीत असं त्याला वाटतं का.