चेतापेशी, मूळपेशी आणि मेंदूतील अर्बुद : निपाणीच्या वाचकांना सविस्तर उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

प्रौढ मेंदूतील मूळपेशी (विभाजन पावून इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी) आणि ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतच उगम पावणारे कर्करोगाचे अर्बुद, म्हणजे गाठ) यांच्या संबंधावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. निपाणीत आयुष्यभर विज्ञान शिकवल्याचा उल्लेख आपण अगदी शेवटी केला आहे. आक्षेपांची मांडणी पाहता तो केला नसता तरी चालले असते. इतर वाचकांसाठी ते आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. पहिला असा, की प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतच नाहीत हे २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातील शोधनिबंधाने दाखवून दिले आहे, तेव्हा तेथील मूळपेशींपासून अर्बुद उद्भवते हे म्हणणे निराधार ठरते आणि लेख मागे घेणेच योग्य. दुसरा असा, की ही सारी उंदरांची कहाणी आहे आणि निपाणी, चिकोडी, खानापूरहून बेळगावला किंवा मिरजेला धाव घेणाऱ्या रुग्णाला तिचा काडीचाही उपयोग नाही. तिसरा असा, की मोबाइलचे मनोरे आणि तंबाखू ही खरी कारणे डोळ्यांसमोर असताना मी जनुकांच्या चर्चेत ती झाकून टाकतो आहे.

पहिल्या आक्षेपावर अधिक लिहावे लागेल, कारण आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात का, हा एक प्रश्न. प्रौढ मेंदूत विभाजनक्षम मूळपेशी शिल्लक असतात का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, म्हणून दुसऱ्याचेही तेच येते असे नाही.

आपण ज्या निबंधाचा दाखला दिला आहे तो सॅन फ्रान्सिस्को येथील आर्तुरो आल्वारेझ-बुइया यांच्या प्रयोगशाळेतून आलेला आहे. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे गर्भावस्थेपासून प्रौढ वयापर्यंतचे नमुने त्यांनी तपासले. कोवळ्या चेतापेशींची संख्या बालपणीच झपाट्याने घटते आणि प्रौढांमध्ये त्या आढळतच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील मॉरा बोल्द्रिनी आणि सहकाऱ्यांनी नेमका उलट निष्कर्ष काढला : त्यांना सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमध्येही अशा पेशी दिसल्या. त्याआधी २०१३ साली स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने वेगळीच वाट धरली होती. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ अन्नातून माणसाच्या डीएनएमध्ये उतरतो आणि पेशी जन्मली त्या काळातील प्रमाण तिच्या डीएनएत कायम राहते. त्यावरून पेशींचे वय काढून, मेंदूच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा अंदाज त्यांनी मांडला. मग एवढा मतभेद का? मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा जतन करणाऱ्या रसायनात किती काळ राहिला, यावर कोवळ्या पेशींची ओळख पटवणारे प्रथिन दिसणे वा न दिसणे अवलंबून असते, हे २०१९ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले. २०२५ साली फ्रिसेन यांच्याच गटाने एकेका पेशीकेंद्रकातील आरएनए वाचून प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये विभाजन पावणाऱ्या पूर्वगामी पेशी (ज्यांपासून पुढे चेतापेशी घडतात अशा पेशी) असल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, मात्र व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक असल्याचेही त्यात नमूद आहे. नव्या चेतापेशींची निर्मिती माणसात अल्प प्रमाणात आणि असमान रीतीने चालू राहते, असे माझे मत या पुराव्यावरून झाले आहे. आपण २०१८ वर थांबलात, इतकाच माझा प्रत्याक्षेप आहे.

परंतु वादापुरते आपले म्हणणे संपूर्ण मान्य केले तरी लेखातील प्रतिपादन ढळत नाही, कारण ते हिप्पोकॅम्पसविषयी नव्हतेच. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांच्या भिंतीलगत पेशींचा एक पातळ पट्टा असतो. प्रौढ माणसाच्या या पट्ट्यात अशा पेशी आहेत, की त्या प्रयोगशाळेत वाढवल्यास त्यांचे विभाजन होते आणि त्यांपासून चेतापेशी तसेच त्यांना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी, दोन्ही तयार होतात, हे २००४ साली ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झाले. ते कोणी दाखवले? याच आल्वारेझ-बुइया यांच्या प्रयोगशाळेने. या पट्ट्यातून नव्या चेतापेशींचे तांडे निघताना प्रौढ माणसात दिसत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. ज्या संशोधकांच्या आधारे आपण माझे खंडन करता, त्यांनीच मूळपेशींचे अस्तित्व आणि चेतापेशींची निर्मिती या दोन गोष्टी कशा वेगळ्या आहेत ते आधी सांगून ठेवले आहे.

अर्बुदाचा पुरावा या पट्ट्यातून येतो. २०१८ सालीच, ‘नेचर’मध्येच, दक्षिण कोरियातील एका गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले नमुने तपासले : एक गाठीचा, एक गाठीपासून दूर असलेल्या, वरकरणी निरोगी अशा या पट्ट्याचा, आणि एक तुलनेसाठी त्याच रुग्णाच्या अन्य निरोगी ऊतीचा किंवा रक्ताचा. आयडीएच जनुकात बदल नसलेल्या, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या, ग्लायोब्लास्टोमाच्या ५६ टक्के रुग्णांमध्ये गाठीला चालना देणारी उत्परिवर्तने (डीएनएतील बदल) त्या निरोगी दिसणाऱ्या पट्ट्यातही अत्यल्प प्रमाणात सापडली. गाठीतूनच पेशी तिकडे सरकल्या असतील, ही शंका आपण घेतली असतीच. ती त्यांनीही घेतली होती. पट्ट्यातील पेशींमध्ये सुरुवातीची मोजकी उत्परिवर्तने होती, तर गाठीत तीच आणि त्यांवर चढलेली आणखी कितीतरी होती. तेव्हा प्रवासाची दिशा पट्ट्याकडून गाठीकडे आहे, हा निष्कर्ष सयुक्तिक ठरतो. उरलेल्या रुग्णांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ग्लायल पेशींच्या पूर्वगामी पेशींपासूनही अशा गाठी उद्भवू शकतात, याचा प्राण्यांमधील पुरावा आहे, आणि म्हणूनच ‘सर्व ग्लायोब्लास्टोमा मूळपेशींपासून होतात’ असे विधान लेखात कोठेही नाही.

आता जीनोमच्या, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएच्या, अस्थिरतेकडे वळतो, कारण ‘जनुकांची चर्चा’ असे म्हणून आपण जे बाजूला सारले तेच या विषयाचे मर्म आहे. पेशीचे विभाजन होताना डीएनएतील ६०० कोटींहून अधिक अक्षरांची नक्कल होते. ही नक्कल तपासणारी आणि तुटलेले धागे सांधणारी यंत्रणा पेशीत असते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवते किंवा पेशीला मरणाकडे ढकलते. शिक्षकाने चुकांवर लाल रेघ ओढायची आणि वही वाचण्याजोगी उरली नसेल तर ती परतच द्यायची नाही, तसा हा प्रकार आहे. हा पहारा सुटला की चुका साचतात, आणि त्यांतील काही चुका दुरुस्तीची यंत्रणाच बिघडवतात. मग गुणसूत्रेच्या गुणसूत्रे वाढतात किंवा हरवतात. ग्लायोब्लास्टोमामध्ये ७व्या गुणसूत्राची जादा प्रत आणि १०व्याचा लोप ही जोडी इतकी नेहमीची आहे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ती निदानाचा एक निकष झाली आहे. प्रौढ चेतापेशीतही वयाबरोबर उत्परिवर्तने साचतात, परंतु ती विभाजनच करत नसल्याने त्या चुकांची संतती वाढत नाही. मूळपेशी दीर्घायुषी असते आणि विभाजनही करते. धोका या दोन गुणांच्या एकत्र येण्यात आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते. मोबाइलच्या लहरींमध्ये डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूतील कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. आयनीकारक किरणोत्साराचे मात्र तसे नाही. डोक्यातील गजकर्णासाठी क्ष-किरण दिलेल्या इस्रायलमधील हजारो मुलांमध्ये पुढे मेंदूभोवतालच्या आणि मेंदूतील गाठींचे प्रमाण वाढल्याचे १९८८ साली नोंदवले गेले, आणि त्यात जीनोमला झालेली इजा हेच कारण आहे.

तंबाखूविषयी आपली चिंता रास्त आहे, पण तिचा मार्ग आपण समजता तो नाही. मेंदूतच उगम पावणाऱ्या ग्लायोब्लास्टोमाशी तंबाखूचा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. विडीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी तो निःसंशय आहे, आणि तो कर्करोग मेंदूत पसरण्याच्या बाबतीत अग्रेसर आहे. प्रौढांच्या मेंदूत आढळणाऱ्या कर्करोगाच्या गाठींपैकी मेंदूत जन्मलेल्या गाठींपेक्षा बाहेरून आलेल्या गाठी अधिक असतात. तंबाखूच्या वखारींच्या आणि विड्यांच्या गावात ‘मेंदूत गाठ निघाली’ असे कानावर येते, तेव्हा अनेकदा ती मुळात छातीतली असते. (आणि काही वेळा ती कर्करोगाची नसतेच : झटके आलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये दिसणारा डाग क्षयाच्या गाठीचा किंवा फीतकृमीच्या अळीचा असणे आपल्याकडे सर्रास घडते, आणि अस्वच्छ पाण्यावर पिकलेल्या कच्च्या भाजीतून अंडी पोटात जात असल्याने शाकाहारीही त्यातून सुटत नाहीत.)

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे उंदरांकडे. १९६५ साली जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी किरणोत्सारी थायमिडीन (नव्याने तयार होणाऱ्या डीएनएत सामावणारा घटक) वापरून उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होतात, असे दाखवले, तेव्हा फारच थोड्यांनी त्याकडे लक्ष दिले. २००२ साली मिशेल मोंजे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्याच मेंदूला किरणोपचारासारखा मारा दिला आणि हिप्पोकॅम्पसमधील पूर्वगामी पेशींपासून नव्या चेतापेशी होणे जवळजवळ थांबते, असे नोंदवले. संपूर्ण मेंदूला किरण दिल्यानंतर रुग्णांची स्मृती का ढासळते, याचा एक दुवा त्यातून हाती आला. मग साहजिक प्रश्न आला, की हिप्पोकॅम्पस वगळून किरण देता येतील काय? मेंदूत कर्करोग पसरलेल्या ५१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचे उत्तर मिळाले. दोन्ही गटांना स्मृती जपण्यासाठी मेमांटाइन हे औषध दिले होते; हिप्पोकॅम्पस वाचवलेल्या गटात आकलन आणि स्मृती ढासळण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी राहिला आणि जगण्याच्या कालावधीत फरक पडला नाही. माणसातील हा लाभ नव्या चेतापेशी वाचल्यामुळेच झाला, हे या चाचणीने सिद्ध होत नाही. परंतु उंदरांवरील ते काम नसते तर किरणांच्या आराखड्यातून नेमका हाच भाग वगळावा, हे सुचण्याला फारसे कारण नव्हते.

ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला आज याहून कमीच मिळते, हे मान्य करतो. २००५ साली ५७३ रुग्णांवरील चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर आले. हे औषधही डीएनएला इजा करूनच काम करते. ज्या गाठींमध्ये ती इजा दुरुस्त करणारे एमजीएमटी जनुक मुके, म्हणजे निष्क्रिय, झालेले असते, तेथे ते अधिक लागू पडते. म्हणूनच बायोप्सीच्या अहवालात त्याची नोंद पाहतात.

आपण लेख मागे घेण्यास सांगितले आहे. वरील कारणांमुळे तो आहे तसाच राहील, आणि आपली प्रतिक्रियाही त्याखाली पूर्ण राहील. आपल्या परिचयात फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले कोणी असतील आणि त्यांना संपूर्ण मेंदूला किरण देण्याचे ठरत असेल, तर ‘हिप्पोकॅम्पस वगळून आराखडा करता येईल का’ एवढे किरणोपचार-तज्ज्ञांना आवर्जून विचारण्यास सांगावे. गाठ हिप्पोकॅम्पसच्या ५ मिलिमीटरच्या आत असल्यास ते सहसा करत नाहीत, आणि त्यासाठी सूक्ष्म एमआरआय तसेच तीव्रता बदलू शकणारे यंत्र लागते. म्हणून हा प्रश्न उपचार सुरू झाल्यावर नव्हे, तर आराखडा ठरण्यापूर्वी विचारावा लागतो.