मंगळवारी जागा नाही, शुक्रवारी माणूस नाही

आमच्याकडे आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसात यायचं, बाकीचे घरून काम, आणि खुर्ची अ‍ॅपवर बुक करायची. मध्यंतरी एका मंगळवारी मी ऑफिसात प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसून काम केलं. अ‍ॅपवर अख्खा मजला लाल, म्हणजे एकही जागा रिकामी नाही. काही खुर्च्यांवर माणसं, काहींवर नुसत्या बॅगा, आणि त्या बॅगांचे मालक सकाळपासून मीटिंग रूम अडवून बसलेले. अकराला आमच्या टीमचा कॉल होता. सातपैकी पाच जण त्याच मजल्यावर, पण रूम मिळेना, म्हणून सगळे आपापल्या जागेवरूनच हेडफोन लावून जॉइन झालो. पुढच्या रांगेतला गडी बोलला की आधी त्याचा खरा आवाज यायचा आणि क्षणभराने तोच आवाज कानात. यासाठी दीड तास प्रवास करून आलो होतो!

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी त्याच मजल्यावर आम्ही चौघं. आमच्याकडे दिवे सेन्सरवर चालतात, हालचाल नसली की विझतात. मी एक्सेलमध्ये डोकं घालून बसलो की थोड्या वेळाने अंधार. मग हात वर करून ओवाळायचं, दिवे परत. दुपारपर्यंत मी हे न बघता करायला शिकलो होतो.

आणि महिनाअखेरीस एचआरचा मेल: सरासरी हजेरी ५८ टक्के, उद्दिष्ट ६०, सहकार्य करावे.

माझं भांडण या सरासरीशी आहे. साधा हिशोब बघा. १०० माणसं, प्रत्येकाने आठवड्यातून ३ दिवस यायचं, म्हणजे ३०० हजेऱ्या. पाच दिवसांत वाटल्या तर रोजचे ६०. मग ६० खुर्च्या मांडल्या की भागलं, जागेचं भाडं वाचलं. कागदावर झकास. प्रत्यक्षात सोमवारी ३०, मंगळवारी ९०, बुधवारी ८५, गुरुवारी ८० आणि शुक्रवारी १५ येतात. बेरीज तीच ३००, सरासरी तीच ६०. पण ६० माणसं एकाही दिवशी नाहीत. तीन दिवस खुर्च्यांसाठी मारामारी, दोन दिवस एसी रिकाम्या खुर्च्यांना गार करतोय.

हे आपल्याच लोकांना शिस्त नाही म्हणून होतं, असं समजू नका. अमेरिकेत कास्टल सिस्टिम्स नावाची कंपनी इमारतींच्या दारावरच्या कार्डांच्या नोंदींवरून दहा महानगरांतली हजेरी मोजते. तिथेही सर्वांत गर्दीचा वार साधारण मंगळवारच, आणि सर्वांत ओस शुक्रवार. सुट्टीला लागून येणारा दिवस घरी काढावा असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. त्या शुक्रवारी मी गेलो तो नाइलाजाने, कोटा भरायचा होता.

यावर साहेब लोकांचं ठरलेलं औषध म्हणजे दिवस वाढवा. तीनाचे चार करा, कार्ड पंचचा रिपोर्ट मॅनेजरला पाठवा. त्याने काय होतं तेही बघितलंय. लोक येतात, कार्ड लावतात, कॉफी घेतात, दोन-चार जणांना तोंड दाखवतात आणि जेवणाच्या आत घरी. याला आता ‘कॉफी बॅजिंग’ असं नावही पडलंय. रिपोर्टमध्ये मात्र तो माणूस हजर.

आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली. पहिलीच नोकरी. तिने सोमवार-शुक्रवार धरले, कारण अ‍ॅपवर त्या दिवशी जागा हिरव्या दिसायच्या. तिचे मॅनेजर मंगळ-बुध-गुरू येणारे. तिला दोन दिवसांची अट, त्यांना तीनची. दोघांची हजेरी शंभर टक्के, दोघंही नियमात. आणि दीड महिन्यात दोघं समोरासमोर भेटले एकदा, तेही फायर ड्रिलला सगळेच आले होते तेव्हा जिन्यात. शुक्रवारी ती मला म्हणाली, “सर, इथे विचारायला कोण असतं?” मी दुसऱ्या टीमचा, तिचं काम मला कळत नाही. तिला कॅन्टीनचा रस्ता दाखवला, दुसरं काय करणार.

आपापल्या मर्जीने दिवस निवडा म्हटलं की असंच होणार. पाच जणांच्या टीममध्ये प्रत्येकाने कुठलेही दोन दिवस चिठ्ठी टाकून उचलले, तर आठवड्यात एखाद्या तरी दिवशी पाचही जण एकत्र असण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के.

ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला प्रयोग लोक फार सांगतात. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा, ‘नेचर’मध्ये २०२४ साली छापून आलेला. १,६१२ कर्मचारी, जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट केले आणि एका गटाला दोन दिवस घरून काम दिलं. त्या गटात नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, कामगिरीत आणि बढतीत काही फरक पडला नाही. घरून काम हवं असणारे हे आकडे नाचवतात, मीही नाचवलेत. पण त्यातली एक गोष्ट सगळे गाळतात: घरी बसायचे वार ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे उरलेल्या दिवशी ऑफिसात गेलं की आपली माणसं भेटणार हे नक्की.

म्हणून माझं म्हणणं असं की दिवसांची संख्या हवी तर कमी करा, पण वार टीमने मिळून ठरवावा आणि तो पाळावा. अख्ख्या कंपनीला एकच वार दिलात तर पुन्हा मंगळवारची जत्रा. टीमा वेगवेगळ्या वारांवर पसरायला हव्यात. ज्यांचं एकमेकींशी रोजचं काम पडतं त्या एकाच वारी. शुक्रवार कोणाच्या तरी गळ्यात पडणारच, तर दर तिमाहीला फिरवा आणि पहिली पाळी वरिष्ठांनी घ्यावी. (हे वाक्य मी मीटिंगमध्ये बोललो तेव्हा तीन जण एकदम म्यूट झाले.) ज्यांची टीमच चार शहरांत विखुरलेली आहे त्यांना याचा उपयोग नाही, हे कबूल. त्यांना बोलावूच नका, उगाच खुर्ची अडते.

त्या मुलीच्या टीमने आता सोमवार धरलाय. पहिल्या सोमवारी ती वही घेऊन आली होती, दोन पानं भरून प्रश्न. जेवायच्या सुट्टीपर्यंत दीड पान खोडून झालं होतं.

त्या महिन्याचा एचआरचा मेल आला: सरासरी ५७ टक्के. सहकार्य करावे.