परसात चार झाडं, खोबरेलात पाच थेंब: औषधी गांजाच्या मेसेजमधले दावे

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: "गांजा ही आपल्या पूर्वजांची औषधी. अमेरिकेच्या दबावाने १९८५ मध्ये बंदी आली. आता संयुक्त राष्ट्रांनी तो नशेच्या यादीतून काढला, गोव्यानेही परवानगी दिली. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर घरात एक किलोपर्यंत ठेवता येतो, परसात चार झाडं चालतात. कोकणच्या पावसात तो खतपाण्याशिवाय येतो. पानंफुलं खोबरेल तेलात उकळा, रोज पाच थेंब घ्या. कॅन्सर, फिट, संधिवात, साखर, सगळं जातं."

गांजापासून बनलेलं प्रमाणित औषध गरजू रुग्णाला कायद्याने मिळालंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. म्हणूनच हा मेसेज गप्प बसून सोडून देण्यासारखा वाटत नाही. त्यावर विश्वास ठेवणारा माणूस कोर्टाची पायरी चढेल आणि रुग्णाचे चालू उपचारही बिघडतील.

"चिठ्ठी असेल तर एक किलोपर्यंत चालतो." एक किलो हा आकडा खरा आहे, अर्थ खोटा आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याखाली गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत धरतात. ती सूट नव्हे, शिक्षेची पहिली पायरी आहे: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी अपवाद आहे खरा, पण तो कायद्याने आणि नियमांनी घालून दिलेल्या रीतीने, म्हणजे परवान्यासह. सुका गांजा चिठ्ठीवर घरात बाळगू देणारी कोणतीही व्यवस्था आज महाराष्ट्रात नाही. चिठ्ठी दाखवल्याने गुन्हा टळत नाही.

इथे कुणी म्हणेल, भांगेचं काय? एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे. शेंड्यांविना असलेली नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेच्या एका प्रकरणात याच मुद्द्यावर जामीन दिला. पण तो निकाल खिशात घालून महाराष्ट्रात फिरू नये. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच्या व्याख्येत भांगेची पानंही मादक द्रव्यांत मोडतात. बाहेरच्या राज्यातून भांग घेऊन इन्सुलीच्या नाक्यावर सापडलेल्या माणसाला कर्नाटकातल्या त्या आदेशाचा उपयोग होणार नाही.

"परसात चार झाडं चालतात." हा आकडा बहुधा कॅनडातून आला असावा. तिथे २०१८ पासून घरटी चार झाडांची मुभा आहे. आपल्याकडे विनापरवाना लागवडीला झाडांची किमान मर्यादाच नाही. एका झाडालाही कलम २० लागतं: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. फूल आलं नव्हतं, हा बचाव लागवडीच्या आरोपाला पुरत नाही, कारण तिथे गुन्हा झाड लावण्याचा आहे.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतो. आपल्या बागा, आगरं, पडीक वरकस जमिनी सामाईक सातबाऱ्यावर असतात. नावं पाच-सहा भावंडांची, त्यातली चार मुंबईत, आणि बघायला एक राखणदार. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा झाडं उभी आहेत हे कळलं, तर पोलिसांना किंवा संबंधित खात्याला लगेच कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा. कलम ४७ तेच बंधन सरपंच, पंच आणि गावकामगारांवर घालतं. तेव्हा "मागच्या दारी दोन रोपं लावलीत" असा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, की चाकरमान्यांना माहीत नव्हतं असं नंतर म्हणता येणार नाही.

"खोबरेल तेलात उकळा." मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा सल्ला हाच. आधी कायदा. झाडापासून वेगळी केलेली राळ आणि तिचं घट्ट केलेलं तेल 'चरस' या व्याख्येत येतं. चरसचं अल्प प्रमाण १०० ग्रॅम, व्यापारी प्रमाण एक किलोच्या वर. शिवाय हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ठरवलं, की मिश्रणात अमली द्रव्य किती हे न पाहता भेसळीसकट सगळं वजन धरायचं. एक लिटर खोबरेल सुमारे ९२० ग्रॅम भरतं. म्हणजे सव्वा लिटर तेलात मूठभर शेंडे उकळणाऱ्यावर पोलिसांनी ते चरस धरून व्यापारी प्रमाणाचा गुन्हा लावला, तर कलम ३७ मुळे जामीन मिळणंही कठीण होतं. आजारी आईसाठी केलं होतं, हे कोर्टात सांगता येईल, पण तोवर माणूस आत असेल.

आता औषध म्हणून पाहू. आपल्याकडच्या गांजात बहुतांशी टीएचसी, म्हणजे गुंगी आणणारं द्रव्य असतं. फिटवर ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे ते सीबीडी त्यात किती आहे, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या शेंड्यांतही प्रमाण बदलतं. घरच्या पातेल्यात उष्णता सारखी लागत नाही, त्यामुळे या महिन्याचे पाच थेंब आणि पुढच्या महिन्याचे पाच थेंब एक नसतात. तोंडाने घेतलेल्या टीएचसीचा परिणाम दिसायला एक ते दोन तास लागतात. अर्ध्या तासात काही जाणवलं नाही म्हणून लोक पुन्हा थेंब घेतात, आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात: छातीत धडधड, उभं राहताच रक्तदाब उतरून तोल जाणं, भ्रम, भीती. सत्तरीतल्या माणसाचं न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरेसं आहे.

त्यात आपली हवा. वाळलेल्या शेंड्यांत ओल साधारण दहा-बारा टक्क्यांच्या आत राहिली नाही, तर बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर कोकणातल्या घरात पापडसुद्धा कोरडे राहत नाहीत. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे कण किमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात गेले, तर जिवावर बेततं. काही बुरश्यांची विषं तेल उकळूनही नष्ट होत नाहीत. म्हणजे ज्या रुग्णासाठी तेल काढायचं, त्यालाच ते सर्वांत घातक.

"फिट, कॅन्सर, साखर, सगळं जातं." इथे खरं आणि खोटं वेगळं करायला हवं, कारण यात खरंही आहे. लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या लहान मुलांतल्या अपस्माराच्या दोन हट्टी प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचं 'एपिडायोलेक्स' हे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं. ते आधीच्या गोळ्यांच्या जोडीने देतात. त्याची मात्रा पाहिली की पाच थेंबांचा फोलपणा कळतो. सुरुवात दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, आठवड्याने १०. वीस किलोच्या मुलाला म्हणजे आधी १०० आणि मग २०० मिलिग्रॅम रोज. बाजारातल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर पाच थेंबांतून सात-आठ मिलिग्रॅम जातं. २०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ती बाटली पाच दिवसांत संपेल. आणि हे औषध निरुपद्रवी नाही. क्लोबाझाम हे फिटचं औषध चालू असेल तर मूल दिवसभर झोपेत राहू शकतं. व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात रक्त तपासतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांचं रक्त गरजेपेक्षा पातळ होऊ शकतं. तेल सुरू केलं म्हणून फिटच्या चालू गोळ्या एकदम थांबवल्या, तर न थांबणारी आकडी येऊ शकते. तालुक्याच्या गावाहून ओरोस, डेरवण किंवा बांबोळीचं मोठं रुग्णालय गाठेपर्यंत जाणारा वेळ लक्षात घ्या.

किमोनंतरची मळमळ इतर औषधांनी थांबत नसेल, तर ड्रोनाबिनॉल हे कृत्रिम टीएचसी उपयोगी पडतं; अमेरिकेत ते १९८५ पासून वापरात आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात, त्यावर ब्रिटनमध्ये २०१० पासून तोंडात मारायचा फवारा मिळतो. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. जुनाट दुखण्यात काहींना थोडा आराम पडतो, याहून मोठा दावा करता येत नाही. कॅन्सरची गाठ माणसात याने बरी होते, असं सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी मरणं ही वेगळी गोष्ट आहे. साखरेवर उपचार म्हणून तर आधारच नाही.

"संयुक्त राष्ट्रांनी यादीतून काढला." २ डिसेंबर २०२० रोजी अमली द्रव्य आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा अमली द्रव्यांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक अनुसूचीतून निघाला. भारताने बाजूने मत दिलं. त्याने औषधी उपयोग मान्य झाला, हे मोठं पाऊल आहे. पण पहिल्या अनुसूचीत तो अजून आहे, मॉर्फिनच्याच यादीत. अमेरिकेच्या दबावाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय दडपण होतंच, पण त्याच करारात वैद्यकीय वापराला वाव ठेवलेला आहे. आणि गोवा? २०२० च्या अखेरीस तिथल्या विधी खात्याने औषधी लागवडीच्या प्रस्तावाला हरकत नसल्याचं मत दिलं, गदारोळ झाला आणि प्रस्ताव तिथेच राहिला.

"कोकणच्या पावसात आपोआप येतो." येईल, पण औषधाच्या कामाचा नाही. हे झाड दिवसाच्या लांबीवर फुलतं. थंड देशांतल्या जातींना वाढीसाठी चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. रत्नागिरीत सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. त्यामुळे असं बी जूनमध्ये पेरलं तर रोप हातभर असतानाच फुलोरा धरतं, तोही ऐन आषाढ-श्रावणात, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात. शेंडे आतून कुजतात. जांभ्याची माती आम्ल, ते झाड सहा ते सात सामूची निचऱ्याची जमीन मागतं. शिवाय ते मातीतलं शिसं आणि कॅडमियम ओढून घेतं, म्हणून औषधी पिकाला माती आणि माल दोन्ही तपासावे लागतात.

मग आज रुग्णाने करायचं काय? आयुर्वेदिक औषधांत भांगेला 'विजया' म्हणून जागा आहे आणि आयुष परवान्याखाली तशी औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर विकली जातात. ती घ्यायची असतील तर बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना हवी. बिया सोडून भांग औषधी नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या ई-१ अनुसूचीत आहे, म्हणून ती सूचना सक्तीची आहे. 'विजया अर्क ३००० मिलिग्रॅम' एवढ्याने काही कळत नाही. त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागा: टीएचसी किती, सीबीडी किती, जड धातू, कीटकनाशकं, अर्क काढताना वापरून उरलेलं द्रावक. अहवाल दाखवत नसतील तर घेऊ नका. 'हेम्प सीड ऑइल' २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे, पण ते बियांचं तेल. त्यात सीबीडी नावापुरतंच असतं, औषध म्हणून ते घेण्यात अर्थ नाही.

कॅन्सरच्या वेदनेसाठी तेल शोधत असाल, तर आधी मॉर्फिन विचारा. तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बहुतेकदा दर चार तासांनी पाच ते दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. आपल्या जवळचं रुग्णालय मॉर्फिनसाठी 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' आहे का, एवढा एकच प्रश्न तिथे विचारायचा.

मॉर्फिनची ही सोयही लढूनच मिळाली आहे. पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि एका खरेदीला चार-पाच परवाने लागत. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि वेदनाशमनाचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस दुरुस्त करून 'अत्यावश्यक अमली औषधं' हा वर्ग केला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन त्यात आली. गांजाचा अर्क आला नाही.

तो येऊ शकतो, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 'औषधी गांजा', म्हणजे गांजाचा अर्क किंवा टिंक्चर, ही व्याख्या एनडीपीएसमध्ये १९८५ पासून आहे. अत्यावश्यक अमली औषध ठरवायला केंद्राची अधिसूचना पुरते. ही मागणी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे जायला हवी, कारण कायदा त्यांच्याकडे आहे. लागवड आणि गांजाच्या विक्रीचे नियम करण्याचा अधिकार कलम १० ने राज्याला दिला आहे, चरस वगळून, म्हणून राज्याकडचा अर्ज वेगळा करावा लागेल. त्यात कोणत्या आजारांसाठी, कोणत्या तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, टीएचसी आणि सीबीडीचं किती प्रमाण असलेलं औषध, आणि जिल्ह्यातल्या कोणत्या रुग्णालयाच्या औषधालयातून, हे एकेक लिहून मागा. सोबत न्यूरॉलॉजिस्ट किंवा कॅन्सरतज्ज्ञाचं, आधीची कोणती औषधं किती मात्रेत देऊन पाहिली याचं पत्र जोडा.