‘आमचं गिऱ्हाईक वेबसाइट बघून येत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतून कास्टिंग (ओतीव भाग) करायचा कारखाना, ऑर्डरी ओळखीवर येतात, वेबसाइट कुणी वाचत नाही, आणि ‘साइटवर किंमत लिहा’ हा माझा आधीचा सल्ला चप्पललाइनीतल्या दुकानाला शोभेल, कास्टिंगवाल्याला नाही.

किमतीचं मान्य. तिथं माझं चुकलंच. ग्रेड, वजन, नग, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) कुणाचा, वर स्क्रॅपचा हलता भाव. दर छापायचा तरी कुठला? पण तो कशावर ठरतो ते चार ओळींत लिहा की. ‘किलोला काय घेता?’ एवढंच विचारून ठेवणारे फोन तरी कमी होतील.

‘कुणी वाचत नाही’ हे मात्र अर्धंच खरं. लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी १९९७ साली तपासलं तेव्हा ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. ओळखीवर येणाराही चाळतोच. चाकणच्या कारखान्यातला परचेसवाला, म्हणजे खरेदी बघणारा, तुमचं नाव कुणाकडून तरी ऐकतो आणि फोन लावायच्या आधी मोबाइलवर साइट उघडतो. दिसतं काय? ‘वेलकम टू अवर वेबसाइट’, खाली ‘क्वालिटी हाच आमचा ध्यास’, आणि सुटाबुटातले दोन गोरे हात मिळवतायत. त्यातला एक तरी कधी शिरोलीत आला होता का?

त्या जागी एवढंच लिहून बघा: ‘ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग, अर्धा ते चाळीस किलो. एफजी २६०, एसजी ५००/७. मशिनिंग करून मिळेल.’ एफजी, एसजी हे लोखंडाचे ग्रेड. आकडे मी अंदाजानं टाकलेत, तुमचे घाला. वाचायला रुक्ष आहे, पण परचेसवाला फोनवर हेच विचारतो. ओळ सुचत नसेल तर ऑफिसात फोन उचलणाऱ्याला आठवडाभर प्रश्न वहीत उतरवायला सांगा. मी काम घेतो तेव्हा पहिल्यांदा ती वहीच मागतो.

हे शहाणपण मला ठेच लागूनच आलं. एका मशीन शॉपची साइट केली होती, काळ्यावर सोनेरी अक्षरं, मालक जाम खूश. फोन नंबर मी बॅनरच्या चित्रातच बसवला होता, त्यामुळं मोबाइलवर कितीही बोट दाबा, कॉल लागायचा नाही. चार महिन्यांनी एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, ‘नंबर कागदावर उतरवून घेतला बघा.’ ज्यांच्याजवळ कागद नव्हता ते किती, अंबाबाईलाच ठाऊक.

बाकीचं तासाभराचं काम. फिकट राखाडी अक्षरं गडद करा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, तो मोजायची साधनं फुकट आहेत. अकरा रकान्यांच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल आणि ड्रॉइंग जोडायची सोय एवढंच ठेवा. बटणावर ‘सबमिट’ काढून ‘ड्रॉइंग पाठवा’ लिहा.

फोटोचं मात्र मनावर घ्याच. एक तयार कास्टिंगचा, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि एक ओतकाम चालू असतानाचा. चढवण्याआधी लहान करून घ्या, नाहीतर पाच-सहा एमबीचा फोटो उघडेपर्यंत तो माणूस दुसऱ्या फौंड्रीला फोन लावून मोकळा होतो. आणि लॅडलजवळ, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या भांड्याजवळ, जाऊन नको बरं का, लांबूनच काढा.