‘ज्याचे पाय मजबूत, तोच जिंकतो’ : सायकल शर्यतीबद्दलच्या एका लाडक्या समजाला उत्तर

टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची, रोज एक टप्पा अशी चालणारी सायकल शर्यत, सुरू झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: सायकल शर्यत हा मुळात एकट्याचा खेळ. ज्याचे पाय मजबूत तो जिंकतो, संघ म्हणजे प्रायोजकांच्या जाहिरातीसाठी मांडलेला देखावा. दुसऱ्याच्या मागे लपून ताकद वाचवणं ही अर्धी फसवणूकच. जे त्याला लपू देतात ते जिंकण्याची कुवत नसलेले हमाल. आणि वेगवेगळ्या संघांचे सायकलपटू वाटेत मिळून काम करतात, ही तर उघड मिलीभगत. शेवटी आव्हान: सगळ्यांना एकेकटं सोडा, निकाल तोच लागेल.

हे लिहिणाऱ्यानं शर्यतीची फक्त शेवटची पाच मिनिटं पाहिली असावीत. तेवढ्या वेळात खरोखरच एकटा माणूस दिसतो. त्याआधीचे चार-पाच तास कुणी पाहिले, तर यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

‘एकेकटं सोडा, निकाल तोच लागेल’

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं जाताना सायकलपटूची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की हा भार बराच उतरतो आणि मोठ्या घोळक्याच्या, म्हणजे पेलोटोनच्या पोटात तर तो नावापुरताच राहतो. बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या पेलोटोनचा संगणकावर आणि विंड टनेलमध्ये अभ्यास केला. घोळक्यातल्या सर्वात आडोशाच्या जागांवर हवेचा अवरोध एकट्या सायकलपटूला होतो त्याच्या अवघा ५ ते १० टक्के असतो, असं त्यात आढळलं.

म्हणून ‘मजबूत पाय’ ही सकाळी मोजून ठेवायची गोष्ट नाही. पाच तासांनंतर, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी, त्या पायांत काय शिल्लक आहे हा खरा प्रश्न. आणि ती शिल्लक त्या पाच तासांत तुमच्यासाठी वारा कुणी झेलला यावर ठरते. बाटल्या कुणी आणून दिल्या, पंक्चर झाल्यावर घोळक्यापर्यंत परत कुणी ओढून नेलं, अरुंद वळणाआधी पुढची जागा कुणी राखली, हे सगळं त्याच खात्यात.

याचं सर्वात उघडंवाघडं प्रात्यक्षिक २०२२ च्या टूरमध्ये अकराव्या टप्प्यावर झालं. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी तादेय पोगाचारच्या अंगावर होती, आणि तोवर तो चढावर कुणालाच आवरत नव्हता. त्याचे दोन साथीदार मात्र कोविडमुळे आधीच घरी गेलेले. युम्बो-व्हिस्मा या विरोधी संघाकडे दोन पत्ते होते, प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगोर. शेवटचा चढ बराच लांब असतानाच, गालिबिए घाटाच्या वाटेवर, दोघांनी आळीपाळीनं हल्ले सुरू केले. एक सुटला की पोगाचारनं त्याला गाठायचं. गाठेपर्यंत दुसरा सुटलेला. दोघांपैकी कुणालाही जाऊ देणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणजे त्यांचा प्रत्येकी एक हल्ला, याचे मात्र दोन पाठलाग. २४१३ मीटर उंचीच्या कोल दु ग्रानों या शेवटच्या चढावर विंगेगोर निघाला तेव्हा पोगाचारच्या पायांत उत्तर उरलं नव्हतं. त्या एका दिवशी त्यानं जवळपास तीन मिनिटं गमावली आणि विंगेगोरनं ती टूर २ मिनिटं ४३ सेकंदांनी जिंकली.

गंमत म्हणजे रोग्लिच स्वतः त्या दिवशी विजेत्याच्या दहा मिनिटांहून जास्त मागे होता. निकालपत्रक वाचणारा म्हणेल, रोग्लिच ढेपाळला. पण तो ढेपाळला त्याचं कारणच तो टप्पा जिंकला जाण्याचं एक कारण होतं.

‘पोगाचार सगळ्यात ताकदवान असूनही हरला, म्हणजे अन्याय झाला’ असं यावर कुणी म्हणतं. मला हे पटत नाही. कोणत्या हल्ल्याला उत्तर द्यायचं आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवणंही शर्यतीतच मोडतं. त्या दिवशी त्यानं जवळपास प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं.

त्या मजकुरात तथ्याचा अंश आहे, तो मान्य करायला हवा. तीव्र चढावर वेग कमी, त्यामुळे दुसऱ्याच्या चाकामागे राहण्याचा फायदाही कमी. एकेकट्याच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात, तर तो शून्य. २०२० मध्ये रोग्लिच ५७ सेकंदांची आघाडी घेऊन विसाव्या टप्प्याच्या टाइम ट्रायलला उतरला होता. तीन आठवडे त्याच्या संघानं शर्यत मुठीत ठेवली होती. पोगाचारनं एका दुपारी ते सगळं उलटवलं आणि टूर ५९ सेकंदांनी जिंकली. ‘संघ काय कामाचा?’ म्हणणारे हाच दाखला देतात, आणि दाखला खरा आहे.

अर्धाच खरा, पण. त्याच टूरमध्ये सातव्या टप्प्यावर आडव्या वाऱ्यात घोळका फुटला, पोगाचार मागच्या गटात अडकला आणि त्याचे १ मिनिट २१ सेकंद गेले. टाइम ट्रायलआधी तो जितका मागे होता त्याहून हे नुकसान मोठं! आडव्या वाऱ्यात आडोसा थेट मागे नसतो, तिरका मिळतो. त्यामुळे सायकलपटू रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात. रस्ता संपला की रांगेतली जागाही संपते. उरलेले कडेला, उघड्या वाऱ्यात. पुढचा संघ जोर लावतो आणि घोळक्याचे तुकडे पडतात. अशा वेळी एकट्याच्या पायांचं काही चालत नाही. २०१३ मध्ये सेंट-आमां-मोंरोंच्या टप्प्यावर एकूण क्रमवारीत दुसरा असलेल्या आलेहान्द्रो वाल्व्हेर्देचं चाक नेमकं अशा वाऱ्यात बिघडलं. साथीदार त्याच्यासाठी थांबले, सगळ्यांनी मिळून पाठलाग केला, तरी तो दहाएक मिनिटं मागे पडला. तेव्हा संघ असला की सुटका होतेच, असंही नाही.

‘मागे लपणं ही फसवणूक’

एकेकट्याच्या टाइम ट्रायलमध्ये ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या चाकामागे राहण्याला, बंदी आहे, रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीत परवानगी आहे. पहिल्या प्रकारात तो नियमभंग, दुसऱ्यात तो खेळाचा पाया. मुद्दा इथेच संपायला हरकत नव्हती, पण ‘पूर्वी कसं निखळ एकट्याचं होतं’ हा सूर वारंवार लागतो म्हणून १९१३ सालाकडे बघू.

टूरचे जनक आंरी देग्रांज यांना परस्परांची मदत खपत नसे. त्या वर्षी तुर्माले घाट उतरताना ओझेन क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो पायी सेंट-मारी-द-काम्पां गावी पोचला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. भाता मात्र एका पोरानं हलवला. ही बाहेरची मदत ठरवून त्याला वेळेचा दंड झाला! याला निखळ म्हणायचं तर म्हणा. मला त्यात एवढंच दिसतं की मजबूत पायांचा एक माणूस मोडक्या लोखंडापायी हरला. पुढे १९३० मध्ये खुद्द देग्रांज यांनीच टूरमध्ये राष्ट्रीय संघ आणले.

‘ते जिंकण्याची कुवत नसलेले हमाल’

या वाक्याचा मला खरा राग येतो. युम्बो-व्हिस्माचा सेप कुस घ्या. २०२३ मध्ये तो जिरोत, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, रोग्लिचसाठी राबला, रोग्लिच जिंकला. टूरमध्ये विंगेगोरसाठी राबला, विंगेगोर जिंकला. मग व्हुएल्टात, म्हणजे स्पेनमधल्या तशाच शर्यतीत, एका ब्रेकअवेतून (घोळक्यापुढे सुटलेल्या छोट्या गटातून) त्याला आघाडी मिळाली आणि अचानक हा मदतनीसच शर्यतीचा नेता झाला. आंग्लिरूच्या चढावर त्याच्याच संघातले रोग्लिच आणि विंगेगोर त्याला मागे टाकून निघून गेले. आघाडीवाल्याची लाल जर्सी जेमतेम ८ सेकंदांनी वाचली. प्रेक्षकांत संताप उसळला. त्यानंतर मात्र दोघांनी त्याला साथ दिली, आणि अंतिम क्रम लागला कुस, विंगेगोर, रोग्लिच. ज्याला वर्षभर इतरांसाठी वारा झेलताना पाहिलं, त्याच्यात तीन आठवड्यांची शर्यत जिंकण्याची कुवत होती. आंग्लिरूवरच्या त्या दुपारबद्दल मी अजूनही त्या दोघांना पूर्ण माफ केलेलं नाही, ते असो.

स्प्रिंटच्या टप्प्यांत हेच आणखी झटपट दिसतं. २००९ च्या टूरचा शेवटचा टप्पा शाँझेलिझेवर मार्क कॅव्हेंडिशनं जिंकला. दुसरा आला मार्क रेनशॉ, म्हणजे त्याला शेवटच्या वळणातून ओढत आणून मोकळं सोडणारा त्याचाच साथीदार. इतर सगळे स्प्रिंटर त्या ‘हमाला’च्याही मागे राहिले.

पैशाचंही सांगून टाकतो: टूरच्या विजेत्याचे ५ लाख युरो प्रथेप्रमाणे साथीदार आणि कर्मचाऱ्यांत वाटले जातात.

‘विरोधकांनी मिळून काम करणं ही मिलीभगत’

ब्रेकअवेत पुढे गेलेल्या पाच जणांनी आळीपाळीनं वारा झेलला नाही, तर घोळका त्यांना गिळणार हे पाचही जणांना ठाऊक असतं. म्हणून ते राबतात. शेवट जवळ आला की मात्र प्रत्येकाला दुसऱ्यानं जास्त राबावं असं वाटू लागतं आणि मग दमल्याची सोंगं सुरू होतात. मिलीभगतीत निकाल आधी ठरतो. इथे सहकार्य कोण आधी मोडेल हेच ठरलेलं नसतं.

टोकियो ऑलिंपिकच्या महिला शर्यतीचं उदाहरण तर दोन्ही बाजू वापरतात. २५ जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रियाची ॲना किझेनहोफर, गणितात डॉक्टरेट असलेली आणि तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली, १३७ किलोमीटरची शर्यत जिंकली. ‘बघा, एकटीनं बलाढ्य डच संघाला हरवलं,’ असं त्या मजकुराच्या बाजूनं सांगितलं जातं.

पण ती एकटी निघालीच नव्हती. सुरुवातीलाच वेगवेगळ्या देशांच्या पाच जणी पुढे गेल्या आणि त्यांनी कामाची वाटणी केली. साधारण ४० किलोमीटर उरले असताना तिनं शेवटच्या दोघींना मागे टाकलं. मागे घोळक्यात बाकीचे देश डच संघाकडे बघत राहिले: चौघी तुमच्या, पाठलाग तुम्ही करा. ऑलिंपिकमध्ये रेडिओला परवानगी नसते, त्यामुळे पुढे नक्की कोण आहे याचा हिशेबही गडबडला. पोलंड आणि इस्रायलच्या दोघींना गाठल्यावर पुढे कुणीच उरलं नाही, असा डच संघाचा समज झाला. ॲनामीक व्हान व्ल्यूटेननं दोन्ही हात उंचावून रेषा ओलांडली ती दुसऱ्या क्रमांकासाठी, ७५ सेकंद उशिरा. चौघींच्या पायांत ताकद भरपूर होती; पाठलाग वेळेवर सुरूच झाला नाही.