भिशीच्या ग्रुपवरचे ते ११ नियम

माझी भाची तेजू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १२ दिवसांसाठी जपानला चालली आहे. एकटी. तिकीट काढून दोन महिने झालेत. घरातली रडारड संपून ताईची गाडी एकदाची चकल्या किती द्यायच्या इथवर आली होती. आणि परवा रात्री तिच्या भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज पडला: 'परदेशात एकट्या जाणाऱ्या मुलींनो सावधान!! एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने सांगितलेले ११ नियम. आपल्या लेकीबाळींसाठी पुढे पाठवा.' ताईने तो मला ढकलला आणि खाली एवढंच लिहिलं, 'तूच चढवलंस तिला.'

तेव्हापासून हाच मेसेज मला आणखी तीन ठिकाणांहून आला आहे. अधिकारी कोण, कुठला, काही पत्ता नाही. नियम कुठल्या देशासाठी तेही नाही. जणू 'परदेश' नावाचा एकच देश आहे आणि तिथे एकच पोलीस चौकी. मी जपानपुरतंच बोलते, कारण पोरगी तिकडे चालली आहे आणि २०१८ मध्ये मी तिथे तीन आठवडे एकटी हिंडले आहे.

क्रमाने जात नाही. ज्या नियमापायी पोरगी आत जाईल तो आधी.

नियम ४: 'पर्समध्ये छोटा चाकू किंवा कटर कायम ठेवा.' ताईने बोहरी आळीतून घडीचा चाकू आणलासुद्धा होता. मी तिच्याकडे गेले, कंपासमधली पट्टी घेतली आणि पातं मोजलं. साडेसात सेंटिमीटर. जपानच्या कायद्यात, घडीच्या काही चाकूंचा अपवाद सोडला तर, ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे; २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. 'स्वसंरक्षणासाठी' हे तिथे सबळ कारण धरत नाहीत. बरं, पातं लहान असलं म्हणून सुटका नाही. लपवून बाळगला तर किरकोळ गुन्ह्यांचा वेगळा कायदा आहेच. मिरचीच्या स्प्रेचंही तेच. एका माणसाच्या खिशात स्प्रे सापडला, तर निर्दोष ठरायला त्याला २००९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सुटला, पण तेजूने कशाला ही यात्रा करायची?

आणि तिथे 'आत' म्हणजे काय तेही ऐका. पोलिसांकडे ४८ तास, सरकारी वकिलांकडे २४ तास, मग न्यायाधीशाच्या परवानगीने १० दिवस आणि वर आणखी १०. आरोप ठेवण्याआधीच एकूण २३ दिवस. मुलीची सहल १२ दिवसांची आहे.

नियम २: 'पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा, बाहेर फक्त झेरॉक्स न्या.' हा सल्ला इतका शहाणपणाचा वाटतो की २०१८ मध्ये मीही तोच पाळला होता. बाबांनी झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली होती. तोक्योतल्या उएनो स्टेशनबाहेर संध्याकाळी एका पोलिसाने थांबवलं. अगदी नम्रपणे, कमरेतून वाकून वगैरे. पासपोर्ट मागितला. मी पाकीट पुढे केलं. त्याने झेरॉक्स उलटून मागची कोरी बाजू बघितली, परत दिली आणि म्हणाला, 'ओरिजिनल.' जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असा कायदा आहे. नसला तर १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. मला दंड झाला नाही. तो माझ्याबरोबर हॉटेलपर्यंत चालत आला, पंधरा मिनिटं, सायकल हातात धरून. वाटेत मी कोण, कुठली, जेवले का, सगळं विचारून झालं. माणूस भला होता म्हणून निभावलं. पण रस्ताभर लोक बघत होते, आणि मुसक्या न बांधताही वरात निघते हे तेव्हा कळलं.

तेव्हा झेरॉक्स बॅगेत, फोटो मोबाइलमध्ये आणि मूळ पासपोर्ट अंगावर. काही देशांत उलटं करणं बरं असेल. म्हणूनच देशाचं नाव नसलेले नियम वाचायचे नसतात.

नियम ७ वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. 'पोलिसांनी पकडल्यास घाबरू नका. भारतीय दूतावासाला फोन करा, ते तासाभरात सोडवून विमानात बसवतात. खर्च सरकार करते.' पहिलं वाक्य ठीक आहे. दूतावासाला कळवायचंच. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. कॉन्सुलर संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार, परदेशी माणसाला ताब्यात घेतलं तर त्याला हा हक्क सांगणं आणि त्याने म्हटलं तर त्याच्या दूतावासाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. याच कलमावर भारत पाकिस्तानविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. आपल्या सांगलीचे कुलभूषण जाधव, ज्यांना पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावली, त्यांच्यासाठी. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला, की पाकिस्तानने कलम ३६ मोडलं. आता नीट बघा, न्यायालयाने दिलं काय? त्यांना भेटू द्या, आणि शिक्षेचा फेरविचार करा. सोडा असं म्हटलं नाही. भारताने सुटका मागितली होती, ती नाकारली. एवढं मोठं सरकार एवढ्या मोठ्या न्यायालयात जिंकून येतं आणि हाती भेटीचा हक्क पडतो, आणि हा मेसेज म्हणतो तासाभरात सोडवतात!

कुणाला वाटेल, पाकिस्तानचं सोडा, जपान सभ्य देश आहे. तर जपानचंच घ्या. जून २०१५ मध्ये टोयोटा कंपनीच्या एक बड्या अधिकारी, ज्यूली हॅम्प, तोक्योत पकडल्या गेल्या. अमेरिकेहून पार्सलने मागवलेल्या ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांवरून. अमेरिकी नागरिक. कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा स्वतः पत्रकारांसमोर आले आणि त्यांची बाजू घेतली. तरी बाई जवळजवळ ३ आठवडे कोठडीत राहिल्या, मग आरोप न ठेवता सोडलं.

दूतावास काय करतो? भेटायला येतो, वकिलांची नावं देतो, घरी कळवतो. पासपोर्ट हरवला तर पोलिसांचा दाखला घेऊन भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. खर्चाचं म्हणाल तर अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, तेवढं खरं. पण खरोखर कफल्लक झालेल्यांसाठी, परिस्थिती तपासून. तेजूला मी दोनच शब्द पाठ करायला सांगितलेत, 'इंदो ताइशिकान', म्हणजे भारतीय दूतावास. तोक्योत तो राजवाड्याच्या चिदोरिगाफुची खंदकाला लागूनच आहे. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला ती तिथे तशीही जाणार.

औषधांचा नियम (९: 'सर्व औषधांचा डबा भरून न्या') हॅम्पबाईंमुळे इथेच उरकते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्या जपानमध्ये नेता येत नाहीत. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनवरही मर्यादा आहेत. पाकिटामागचे घटक वाचायचे, मग डबा भरायचा.

आता सगळ्यांचा लाडका नियम १. 'एटीएमजवळ चोराने धमकावल्यास पिन उलटा टाका. पैसे अर्धवट अडकतील आणि पोलीस येतील.' हा मेसेज मी पंधरा वर्षं वाचते आहे. अशी कल्पना निघाली होती, नाही असं नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये एकाने पेटंटही घेतलं. पण २०१० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर अहवाल काढला आणि सांगितलं की अशी सोय कुठल्याच एटीएमवर बसवलेली नाही. शिवाय घाबरलेल्या माणसाला उलटा पिन सुचेल का, हीही शंका होतीच. बरं, पिन १२२१ असेल तर? पुण्याच्या बँकेचं कार्ड, तोक्योतलं सेव्हन-इलेव्हनमधलं मशीन, उलटा पिन. पोलीस कुठले येणार, डेक्कनचे? बँकेच्या लेखी तो फक्त चुकीचा पिन. तीनदा टाकलात की कार्ड बंद, आणि चोर शेजारी उभाच.

नियम ३, '११२ जगात कुठेही, नेटवर्क नसतानाही लागतो.' आपल्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, एवढ्यावरून ही आवई उठली असणार. टॉवरच नसेल तर काहीच लागत नाही. जपानमध्ये पोलीस ११०, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आगीचा बंब ११९. आणि महत्त्वाचं म्हणजे हल्ली पोरं स्वस्त पडतं म्हणून फक्त डेटाचं ई-सिम घेतात, त्यावरून साधा फोन लागतच नाही. तेजूचं इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवायला लावलंय. सार्वजनिक फोनवरून हे दोन्ही नंबर फुकट लागतात.

उरलेले भराभर. व्हिजिटिंग कार्डाला हात लावताच शुद्ध हरपते: नाही. पेयात गुंगीचं औषध घालतात: हो, म्हणून ग्लास सोडून उठायचं नाही. 'फिरण्याचा बेत कोणालाच सांगू नका': अर्धं बरोबर. बसल्या जागेवरून फोटो टाकत सुटू नये, पण घरच्यांकडे हॉटेलांची यादी असलीच पाहिजे. 'रस्त्यात बोलावणाऱ्याच्या मागे बारमध्ये जाऊ नका' हा मात्र, नाइलाजाने म्हणते, अक्षरशः खरा. तोक्योच्या काबुकिचोत अशा दलालांपासून सावध राहा म्हणून लाउडस्पीकरवरून ओरडत असतात.

ग्रुपवर एका काकांनी लगेच खाली लिहिलं, 'जपानमध्ये गुन्हे होतच नाहीत.' काका, तिथल्या गर्दीच्या लोकलमध्ये बायकांना चाचपणाऱ्यांसाठी 'चिकान' असा खास शब्द आहे. बायकांचे वेगळे डबे आहेत. तोक्यो पोलिसांचं एक मोबाइल अ‍ॅप आहे, बटण दाबलं की मोठ्याने ओरडतं, 'थांबा!' गुन्हे कमी होतात म्हणा, होत नाहीत म्हणू नका.

आणि भूकंप? अकरा नियमांत त्याचं नाव नाही. १ जानेवारी २०२४ ला, नववर्षाच्या सुट्टीत, नोतो द्वीपकल्पाला ७.६ तीव्रतेचा धक्का बसला. 'सेफ्टी टिप्स' नावाचं अ‍ॅप इंग्रजीत इशारा देतं. ते मी तेजूच्या फोनमध्ये माझ्यासमोर घालून घेतलं.

चाकू बोहरी आळीत परत घेत नाहीत म्हणे. तो आता ताईच्या ओट्यावर आहे, कैऱ्या चिरायला. पासपोर्टसाठी ती आतून चेन असलेली पिशवी शिवते आहे. माझं हे उत्तर मात्र तिने भिशीच्या ग्रुपवर अजून टाकलेलं नाही. मेसेज ज्यांनी पाठवला त्या तिच्या विहीणबाईंच्या सख्ख्या जाऊबाई आहेत.